विश्लेषण : रानडुकराच्या शिकारीला परवाना मिळतो का? हंगाम नको, हिशेब हवा

शिमगा जवळ आला की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरालगतच्या गावांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. वरचे पाणवठे आटू लागतात, त्यामुळे जनावर खाली उतरते. आणि भाताची कामे केव्हाच उरकलेली असल्याने माणसालाही रानात जायला सवड मिळते. पूर्वी याच दिवसांत गावची पारध निघत असे. आज ती कायद्याने बंद आहे. तरीही कुठे फासकी लागते, कुठे ठासणीची बंदूक बाहेर येते. डुक्कर समजून माणसावरच गोळी झाडली गेल्याच्या बातम्याही कोकणातून पुन्हा पुन्हा येत राहतात.

दुसरीकडे मोबाइलवर अमेरिकेतल्या रानटर्कीच्या शिकारीचे व्हिडिओ फिरत असतात. हिरवट-करडे कपडे घातलेला शिकारी खिशातला परवाना दाखवतो, पक्षी टिपतो, फोनवरूनच नोंद करतो आणि घरी जातो. ते पाहून शेतकऱ्याच्या मनात सरळ प्रश्न येतो : तिकडे परवाना काढून शिकार चालते, मग माझे भात तुडवणाऱ्या डुकरासाठी इथे परवाना का नाही?

याचे उत्तर अनेकांना माहीत नाही. परवाना आहे, पण तो शिकारीच्या हौसेसाठी नाही आणि तो कसा मिळवायचा हे गावात कुणी नीट सांगत नाही. कायदा काय म्हणतो आणि तो कुठे अडतो, ते पाहू.

अमेरिकेत टर्कीचा परवाना म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. वसंतातला हंगाम काही आठवड्यांचा असतो. त्यासाठी शिकारीचा साधा परवाना लागतो आणि बहुतेक राज्यांत त्यावर टर्कीसाठी वेगळी परवानगी किंवा क्रमांक असलेली चिठ्ठी घ्यावी लागते. एका माणसाने किती पक्षी मारायचे याची मर्यादा ठरलेली असते. वसंतात बहुतेक ठिकाणी फक्त नर मारता येतो. ओळख पटावी म्हणून अनेक राज्यांचा नियम ‘दाढीवाला पक्षी’ असा असतो. नराच्या छातीवर लोंबणाऱ्या राठ पिसांच्या झुपक्याला तिथे दाढी म्हणतात. हंगामाच्या तारखाही माद्या अंड्यावर बसू लागण्याचा काळ लक्षात घेऊन ठरवल्या जातात.

पक्षी मारला की काम संपत नाही. चिठ्ठी त्याला बांधायची आणि ठरलेल्या मुदतीत सरकारकडे नोंद करायची. त्या नोंदींवरून पुढच्या वर्षीचा हंगाम लांबवायचा की आखडता घ्यायचा, हे ठरते.

ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की तिथल्या अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पुढे शिकारीवर बंधने आली, उरलेले पक्षी पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. म्हणजे तिथला परवाना हे मुळात मोजणीचे साधन आहे. किती आहेत, किती मारले, किती उरले याची वही आधी आली. बंदुकीला मोकळीक नंतर मिळाली. व्हिडिओत बंदूक दिसते, ती वही दिसत नाही.

आपल्याकडे असा परवाना कधी होता का?

होता. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि मुंबई राज्यात होता. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्या काळात परवाना घेऊन शिकार करता येत असे. १९७२ चा केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला, तेव्हाही त्यात शिकारीचे परवाने होतेच : मोठ्या प्राण्यांसाठी वेगळा, लहान प्राण्यांसाठी वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धत काढून टाकली. त्यानंतर हौसेची, खेळ म्हणून होणारी शिकार आपल्या देशात संपली.

रोह्याला या बदलाची खूण घराजवळच सापडते. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या हद्दीवरचे फणसाडचे जंगल हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. नवाबांची शिकार इतरांपासून राखली गेली आणि त्या निमित्ताने जंगलही टिकले. १९८६ मध्ये सुमारे ७० चौरस किलोमीटरचे ते रान अभयारण्य झाले. एकेकाळी जिथे नवाबाचा हाका निघे, तिथल्या पाणवठ्यांवर, म्हणजे स्थानिक भाषेत ‘गाणी’वर, आज लोक शेकरू आणि पक्षी पाहायला जातात.

आज कायदा काय म्हणतो?

वन्यजीव अधिनियमाचे कलम ९ थोडक्यात असे : अनुसूचीतल्या कुठल्याही वन्य प्राण्याची शिकार करायची नाही, अपवाद फक्त कलम ११ आणि १२ मधले. आणि ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासकी किंवा सापळा लावणे, हाका घालून जनावर पुढे हाकणे, आमिष टाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीच्या व्याख्येत येते. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी उचलणे किंवा घरटे विस्कटणेही शिकारच. लावलेल्या फासकीत काही सापडले नाही, तरी गुन्हा घडलेला असतो.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत. प्राण्यांच्या दृष्टीने पहिल्या दोन महत्त्वाच्या. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी : बिबट्या, खवल्या मांजर, घोरपड, मोर वगैरे. दुसरीत बाकीचे, रानडुक्कर याच दुसऱ्या अनुसूचीत आहे. आपल्याकडे रानटर्कीच्या सर्वांत जवळचा म्हणावा असा पक्षी रानकोंबडा. तोही संरक्षित आहे. तितर, लावे, चकोत्री यांनाही हात लावता येत नाही. रानकोंबडीचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे शिमग्याच्या पारधीचेच दिवस. जमिनीवर उथळ खळग्यात अंडी घालणाऱ्या या पक्ष्याची एक मादी फासात गेली, तर त्या वर्षीचे आख्खे वेत गेले.

शिक्षेचे दोन स्तर आहेत. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. फणसाडच्या हद्दीच्या आत मारलेले डुक्कर आणि हद्दीबाहेर मारलेले डुक्कर यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. जनावर तेच, पण शिक्षा वेगळी.

मग पीक खाणाऱ्या रानडुकराचे काय?

इथे कलम ११ कामाला येते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, तर फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन आदेश काढू शकतात. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी दार थोडे अधिक उघडे आहे. असा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कोणाही व्यक्तीला शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात उभे पीकही येते, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे.

महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत हा अधिकार वनक्षेत्रपालाच्या पातळीपर्यंत खाली आणलेला आहे. म्हणजे पेणच्या किंवा रोह्याच्या शेतकऱ्याला या कामासाठी नागपूरला अर्ज धाडायची गरज नाही. आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जायचे. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसान आणि साधारण काळ लिहायचा. परवानगी मिळाली तरी ती त्या जागेपुरती, त्या मुदतीपुरती आणि त्या प्राण्यापुरतीच असते. डुकराची परवानगी खिशात आहे म्हणून वाटेत दिसलेला ससा मारता येत नाही.

अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेले, तर तो गुन्हा नाही. हेही याच कलमात आहे. पण स्वतः बेकायदा शिकारीला गेलेल्या माणसाला ही ढाल वापरता येत नाही.

बंदूक कोणाची, परवाना कोणाचा?

खरी अडचण इथून सुरू होते. वनखात्याची परवानगी म्हणजे बंदुकीचा परवाना नव्हे. तो शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो आणि आपल्याकडे त्यासाठी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी लागते. या कायद्यात पीक संरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या कामासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. जुन्या शेतकरी घरांत असे परवाने आजोबांच्या नावावर असतात. आजोबा गेले की परवाना नव्या नावावर करण्याचे काम रेंगाळते आणि बंदूक तशीच माळ्यावर पडून राहते. विनापरवाना बंदूक जवळ बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे.

रोहा आणि पेण यांना आणखी एक अट लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. रोह्याच्या पश्चिमेकडची बरीच गावे फणसाडपासून या अंतरात येतात. पेणच्या उत्तरेला कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे त्या टोकाकडच्या गावांनाही हा नियम लागू होतो. अट योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की ज्या गावांत डुकरांचा उपद्रव जास्त असण्याची शक्यता, तिथेच कायदेशीर बंदूक मिळणे सर्वांत अवघड.

त्यात निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात बहुतेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास झाल्या. कोकणात भात पिकून कापणीला येते ते नेमके याच दिवसांत.

आता या सगळ्या पायऱ्या एकापुढे एक ठेवून पाहा. अर्ज, पाहणी, परवानगी, बंदूक असलेला माणूस शोधणे, त्याची बंदूक ठाण्यात नसणे. डुकरांचा कळप एका रात्रीत लोंबीला आलेला वाफा आडवा करतो. कागद पूर्ण होईपर्यंत राखायला पीकच उरत नाही. मग कोणी फासकी लावतो, कोणी तारेत वीज सोडतो, कोणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो. हे सगळे गुन्हेच आहेत, आणि शिवाय आंधळे आहेत. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. कोकणात फासकीत अडकून बिबटे मेल्याच्या घटना वारंवार घडतात. विजेच्या तारेला तर पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारीही ओळखू येत नाही.

कातकरी वाडीला कायदा कसा लागू होतो?

या विषयावर गावातल्या चहाच्या टपरीवर चर्चा झाली की बोट बहुतेक वेळा कातकरी वाडीकडे जाते. म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. खैरापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा, त्यावरूनच नाव पडले. पेण आणि रोह्याच्या डोंगरपट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत. बहुतेकांकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मासे, खेकडे, कंद आणि लहानसहान शिकार हा त्यांच्या ताटाचा भाग होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जमीन, गौण वनोपज, पाण्यातले मासे अशा अनेक बाबतींत हक्क दिले. इतर पारंपरिक हक्कही मान्य केले. पण त्याच ओळीत शिकारीचा आणि सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. वन्यजीव अधिनियमात शिकारीच्या पारंपरिक हक्काला उघड मुभा आहे ती निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना. कलम ६५ मध्ये. कातकऱ्यांना ती नाही.

म्हणजे कायद्यासमोर मुंबईहून गाडीतून एअरगन घेऊन आलेला हौशी पाहुणा आणि पोरांसाठी रानकोंबडीचा फास लावणारा कातकरी एकाच रांगेत उभे असतात. प्रत्यक्षात ते एका रांगेत नसतात. पाहुण्याकडे वकील असतो आणि फार्महाऊसला फाटक असते. फास लावणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. त्याला जामीन राहायला माणूस मिळवणेही जड जाते. कायद्याचा धाक खरा कोणाला बसतो, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

यावर उपाय म्हणून कातकऱ्यांना शिकारीची सूट द्यावी, असे माझे म्हणणे नाही. रायगडचे जंगल रस्ते, कारखाने आणि फार्महाऊस यांनी इतके तुकड्या-तुकड्यांत विभागले आहे, की आता त्याला मोकळी शिकार झेपणार नाही. पण ताटातून काढून घेतले त्याच्या बदल्यात काय दिले, हे विचारायला हवे. मासेमारीचा हक्क कागदावर आहे, मग गावतळ्याचा लिलाव दरवेळी बाहेरच्यालाच का जावा? रानाची वाट, माग, विष्ठा, पाणवठा यांची माहिती कातकऱ्याइतकी कोणाला आहे? तीच माहिती वनखात्याने पगार देऊन का वापरू नये?

‘उपद्रवी’ जाहीर करून प्रश्न सुटेल का?

‘डुक्कर उपद्रवी जाहीर करा आणि मोकळे व्हा’, ही मागणी सभांमधून ऐकू येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतला एखादा प्राणी ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी उपद्रवी ठरवू शकते. तसे झाले की तेवढ्या काळापुरते त्या प्राण्याचे संरक्षण जाते. परवानगीची गरज उरत नाही. बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर, हिमाचल प्रदेशच्या काही तहसिलींत माकड, असे निर्णय २०१५-१६ मध्ये झाले. बिहारच्या मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून रोही मारण्यात आले, तेव्हा देशभर वाद पेटला. केंद्रातल्या दोन मंत्र्यांची त्यावरून जाहीर खडाजंगीही झाली.

शेतकऱ्याची चीड खरी आहे. तरी पेण-रोह्यासाठी हा मार्ग मला चुकीचा वाटतो. उपद्रवी ठरवले की परवानगी जाते आणि परवानगीबरोबर नोंदही जाते. किती मारले, कोणी मारले, कशाने मारले, काहीच कळत नाही. डुकराच्या नावाखाली भेकर, ससा, साळिंदर पोत्यात जायला मग वेळ लागत नाही. शिवाय डुक्कर हे बिबट्याचे भक्ष्य आहे. रानातले भक्ष्य सरसकट संपवले, तर बिबट्या वाडीतल्या कुत्र्यांकडे आणि गोठ्यातल्या वासरांकडे वळतो. मादी एका वेतात चार-सहा पिल्ले देते. त्यामुळे दोन रात्री बंदुका वाजवून संख्या कायमची कमी होईल, ही आशाही पोकळ आहे.

केरळने मधला मार्ग काढला, तो पाहण्यासारखा आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने उपद्रव देणाऱ्या रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या प्रमुखांना दिला. त्यासाठी त्यांना मानद वन्यजीव रक्षक म्हणून नेमले. विष, स्फोटके आणि वीज वापरायची नाही, ही अट ठेवली. तिथेही सगळे सुरळीत झाले असे नाही. पण निर्णय शेताच्या जवळ आला आणि तो कोणी दिला हे गावाला कळू लागले.

मारलेल्या डुकराचे मांस कोणाचे?

हा प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. उत्तर स्पष्ट आहे : परवानगीने मारलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता. कलम ३९ तसे सांगते. असा प्राणी किंवा त्याचा भाग कोणाच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. मांस वाटून घेता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही.

ज्याचे पीक गेले त्याला हे जाचक वाटते. एवढे मांस खड्ड्यात पुरायचे, आणि तेही पोटाला चिमटा बसलेल्या वाडीच्या देखत? तरीही हा नियम राहिला पाहिजे असे मला वाटते. डुकराच्या मांसाला एकदा किंमत आली, की परवानगीचे अर्ज पिकासाठी येणार नाहीत, ढाब्यांसाठी येतील. सुट्टीच्या दिवशी महामार्गावरून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली, की हा बाजार किती वेगाने उभा राहील याचा अंदाज येतो. अमेरिकेत शिकारी आपला पक्षी घरी नेऊन खातो, पण रानटर्कीचे मांस बाजारात विकणे तिथेही बेकायदा आहे. बाजारासाठी होणाऱ्या शिकारीनेच आपली टर्की संपत आली होती, हे त्यांनी लक्षात ठेवले आहे.

मग करायचे काय?

नवा कायदा लागत नाही. जो आहे तो गावापर्यंत पोहोचवायचा आहे. त्यासाठी चार गोष्टी करता येतील.

पहिली, मुदत. रानडुकराच्या अर्जावर ठरलेल्या दिवसांत निर्णय आणि नकार असेल तर लेखी कारण. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस मोजके असतात. अर्जाचे घड्याळ त्या दिवसांवर लावले पाहिजे. एक पानी मराठी अर्ज ग्रामपंचायतीत ठेवायला काहीच खर्च नाही.

दुसरी, माणसे. प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक देण्यापेक्षा तालुक्यात पारखलेल्या, परवानाधारक नेमबाजांची यादी असावी. त्यांच्याबरोबर वनरक्षक असावा आणि माग काढायला वाडीतले जाणकार मानधनावर असावेत. परवानगी ‘कोणाही व्यक्तीला’ देता येते, असे कायदा म्हणतो. त्याचा उपयोग असा करता येईल. निवडणुकीत बंदुका जमा करून घेताना या यादीतल्या माणसांचा वेगळा विचार व्हावा.

तिसरी, वही. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती डुकरे मारली, नर किती, माद्या किती, कुठल्या गटात, मृत जनावराचे काय केले, हे सगळे हंगाम संपल्यावर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. प्रत्येक मृत जनावराचा फोटोसह पंचनामा हवा. अमेरिकेकडून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. एवढी नोंद ठेवली तर पाच वर्षांनी पेण आणि रोह्याला आपल्या डुकरांबद्दल अंदाजाने बोलावे लागणार नाही.

चौथी, मारण्याआधीचे उपाय. सौर कुंपणाला अनुदान देणाऱ्या सरकारी योजना आहेत, पण एका शेताभोवतीच्या कुंपणाने डुक्कर फक्त शेजारच्या शेतात जाते. कुंपण शिवाराचे हवे. पीक नुकसानीची भरपाई मिळते, पण पंचनाम्याला उशीर झाला की तुडवलेले भात कुजून पुरावाच नाहीसा होतो. आणि भरपाईचा अर्ज सातबारावर नाव असणाऱ्याचा चालतो. मक्त्याने किंवा अर्धेलीने शेती करणारा तोंड बघत राहतो. त्यालाही दार उघडले पाहिजे.

पर्यावरणप्रेमी म्हणतील, हे सगळे केले तर परवानगीचा गैरवापर वाढेल. गैरवापर आजही होतो आहे, फक्त तो अंधारात होतो. लेखी परवानगी, सोबतचा वनरक्षक आणि फलकावरचा आकडा यांनी तो उजेडात येईल. शेतकरी म्हणतील, एवढ्या अटींपेक्षा फासकी स्वस्त. खरे आहे. पण त्याच फासकीत उद्या बिबट्या सापडला, तर ती तीन ते सात वर्षांची कैद ठरते, आणि तोवर डुकरांचा पुढचा कळप शेतात उतरलेला असतोच.

वाचकाने आज काय लक्षात ठेवावे?

पीक गेले तर त्याच दिवशी शेताचे फोटो काढा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका. भरपाईचा आणि परवानगीचा अर्ज वेगवेगळे असतात, दोन्ही द्या. माळ्यावर बसून डबे वाजवणे, हाळी देणे, बत्ती दाखवणे हे राखणीचे जुने उपाय करायला हरकत नाही. पण हाका घालून जनावर बंदुकीच्या टप्प्यात आणणे ही शिकार आहे. आजोबांची बंदूक घरात असेल तर तिचे कागद आजच पाहा. रानात फासकी दिसली किंवा जनावर अडकलेले दिसले, तर जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

आणि येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : गेल्या वर्षी आपल्या गावातून रानडुकराच्या परवानगीसाठी किती अर्ज गेले, आणि त्यांचे काय झाले? उत्तर लेखी मागा, इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रामसभेत उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात देता येतो.